गुरुवारचा बाक

५ मार्च

प्रिय बाळ्या,

आशीर्वाद हवे असतील तर घे, नको असतील तर ही ओळ ओलांडून पुढे वाच. तू पाकीट न फोडता परत पाठवशील असं आईला वाटतं. मी तिला म्हटलं, तो सरकारी माणूस आहे, आलेला कागद वाचल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही.

सुनावणी संपल्यावर तू मागच्या दाराने निघून गेलास. मी जिन्यात तुझ्यासाठी चहाचा पेला घेऊन उभी होते. शिपायाने येऊन सांगितलं की साहेब केव्हाच गेले. चहा मीच प्यायले. तुझी साखर घातलेला, गोडमिट्ट.

आपण दोघं तो दिवस एकसारखा आठवत नसणार, म्हणून माझ्या आठवणीतला लिहून टाकते. तू उभा राहिलास आणि सांगितलंस की एड्सच्या संशोधनाचा सरकारी पैसा नेत्र मंडळ, फुप्फुस मंडळ, त्वचा मंडळ असा जागोजागी वाटला जातो, एकाचं काम दुसऱ्याला ठाऊक नसतं, तेव्हा सगळा पैसा एकाच कार्यालयातून जावा. मग तू दादाबद्दल बोललास. नाव घेतलं नाहीस, 'माझा मोठा भाऊ' एवढंच म्हणालास. फुप्फुसवाल्यांनी त्याला त्वचेकडे पाठवलं, त्वचावाल्यांनी डोळ्यांकडे. प्रत्येकाकडे कुठलं ना कुठलं नवं औषध तपासून पाहणं चालू होतं आणि प्रत्येकाच्या नियमात दादा थोडक्यासाठी बसत नव्हता. शेवटी शेवटी तू त्याला पाठीवर घेऊन जिने चढलास. 

मग त्यांनी माझं नाव पुकारलं. मी नेत्रविभागाची डॉक्टर म्हणून बोलायला आले होते, तुझी बहीण म्हणून नाही. मी म्हणाले, एकच कार्यालय म्हणजे एकच समिती, आणि त्या समितीत उद्या नालायक माणसं बसली तर आम्ही कुठे जायचं? इथवर ठीक होतं. पुढे मी म्हणाले की घरातल्या दुःखावर सरकारी योजना उभी करू नये. हे वाक्य मी लिहून आणलं नव्हतं, ते तोंडातून गेलं. तुझ्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. ते वाक्य मी परत घेते. बाकीची मात्र घेत नाही.

दादाने मला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही, हे तुला माहीत आहे. त्याला माझ्यासमोर रुग्ण व्हायचं नव्हतं. मला बोलावलं तेव्हा त्याची नजर गेलेली होती. मी खोलीत पाऊल टाकलं तर त्याने 'कोण आहे' असं विचारलं. त्यानंतर मी दुसऱ्या कशावर काम करूच शकत नव्हते. या आजारात डोळ्याच्या पडद्याला संसर्ग होतो तो आधी कडेला होतो, माणसाला कळतही नाही. तो तिथेच गाठायचा, आणि रोज तासन्‌तास शिरेतून औषध देण्याऐवजी आठवड्यातून एकदा बारीक सुईने थेट डोळ्यात द्यायचं, एवढीच माझी कल्पना. एड्सच्या मोठ्या समितीने ती फेकून दिली. 'कल्पना धाडसी, आधार अपुरा.' तो शेरा मी चौकटीत घालून हात धुवायच्या जागी टांगलाय. फुप्फुसवाले तर हसलेच. नेत्र मंडळाच्या म्हाताऱ्याने मात्र मला बसवून घेतलं, तीन वेळा तेच प्रश्न विचारले आणि म्हणाला, कर बघू. आज दर गुरुवारी माझ्या खोलीबाहेरचा बाक भरलेला असतो तो त्या म्हाताऱ्यामुळे. तुझी योजना आली की म्हाताऱ्याचा खण रिकामा होणार. मला भीती आहे ती एवढ्याचीच.

उत्तर पाठव. शिव्या असतील तरी चालतील.

ताई

२२ एप्रिल

उपसंचालकसाहेब,

अभिनंदन. योजना मंजूर झाली, तुला खुर्ची मिळाली, आणि आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगूनही टाकलं. माझ्या पत्रावर तू काय म्हणालास ते तिने मला सांगितलं नाही, मी काय म्हणते ते तुलाही सांगत नसेल. ती फोनवर एवढंच म्हणते की बाळ्या झोपत नाही, आणि तूही झोपत नाहीस, तर दोघं मिळून तरी जागा.

आज तुझ्या कार्यालयाचं पत्र आलं. खाली तुझी सही. 'महोदया, आपणांस कळविण्यात येते की...' मी ते दोनदा वाचलं आणि सिस्टरला दाखवलं. सिस्टर म्हणाली, सख्ख्या बहिणीला महोदया? मी म्हटलं, रागावला की तो लहानपणीही असाच बोलायचा. मला नव्या समितीवर घेतलंय. खरं सांग, हे तुझं डोकं की वरच्यांचं? भांडखोर बाईला आत बसवलं की ती बाहेर ओरडत नाही, हे मलाही कळतं. तरी मी येणार आहे. आत काय चालतं ते बघितल्याशिवाय माझ्याच्याने राहवणार नाही.

या आठवड्यात मी सगळे खण आवरले, भिंगं पुसली, जुन्या चिठ्ठ्या फाडल्या, आणि तरी हात स्वस्थ बसत नाहीत. माझं काम आता तुझ्या खिडकीतून पुन्हा मंजूर व्हायचं आहे. ते नामंजूर झालं तर गुरुवारच्या लोकांना काय सांगायचं याचा मी विचार करते आणि मग उठून पुन्हा भिंगं पुसते.

त्यातला एक तुला सांगते. बस चालवायचा. आम्ही त्याला ड्रायव्हरच म्हणतो, त्यालाही तेच आवडतं. माझ्याकडे आला तेव्हा डावा डोळा गेलेला होता. उजव्याच्या कडेला डाग होता, तो मी सुईने थोपवून धरलाय. आला की आधी बाकावरच्या सगळ्यांची चौकशी करतो, कोण पुढे बसणार, कोण मागे, ते ठरवतो. सुईला मात्र भितो. परवा म्हणाला, "बाई, दर आठवड्याला हे टोचणं आता पुरे झालं. रेडिओत सेल घालतात तसं एकदाच काहीतरी आत बसवून टाका ना."

मी म्हटलं, तुमच्या डोक्यात बसवते. तो हसला. जाताना भिंतीला हात लावत गेला. पूर्वी लावत नव्हता.

आपली,
महोदया

१७ जून

बाळ्या,

समितीचं पहिलं काम झालं. तू दारात उभा राहून सगळ्यांचं स्वागत केलंस आणि माझी पाळी आल्यावर घड्याळ बघितलंस. मी पण छताकडे बघितलं. शेजारचा प्राध्यापक आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत होता, त्या बिचाऱ्याला वाटलं असेल की आपलं जुनं प्रेमप्रकरण आहे.

खोटं कशाला बोलू, कारभार चोख होता. प्रस्तावांवरची नावं काळ्या कागदाने झाकलेली, वशिल्याला जागा नाही. नाकारलेला कागद वर्षभर परत येणार नाही, म्हणजे ओळखीपाळखीच्या जोरावर तोच कागद दारोदार हिंडवणंही बंद. हा नियम तू का केलास ते मला न सांगता कळलं. दादाला जिथे आत घेतलं नाही, तिथे कुणाचा तरी मेव्हणा मागच्या दाराने आत गेला होता. माझं काम चर्चेला आलं तेव्हा मला बाहेर बसवलं, आणि आत बोलावलं तेव्हा ते मंजूर झालं होतं. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. गुरुवारचा बाक वाचला.

माझ्या वाट्याला हातभर उंच गठ्ठा आला होता. पलंगावर तीन ढीग केले, 'हो', 'बघू' आणि 'नाही'. सुरुवातीला प्रत्येक कागद अक्षरन्‌ अक्षर वाचत होते. गठ्ठ्याच्या मध्यावर आले तेव्हा मान धरली होती आणि सगळी माणसं एकच गोष्ट वेगवेगळ्या अक्षरात सांगतायत असं वाटायला लागलं. काही नमुने मात्र झकास होते. एका बहाद्दराला औषधाची बारीक गोळी डोळ्याच्या आत शिवून ठेवायची आहे, म्हणजे ती आतल्या आत महिनोन्‌महिने झिरपत राहील. सशावरसुद्धा पुरती तपासलेली नाही. मी लिहिलं, 'कल्पना रंजक, आधार अपुरा,' आणि पुढचा उचलला. बाकीच्यांनी माझ्या शेऱ्यावर मान डोलावली. डोळ्यांचं कळणारी तिथे मी एकटीच होते ना.

तुझी खिडकी वाटली होती तेवढी वाईट नाही. हे वाक्य आईला वाचून दाखव, तिला बरं वाटेल.

ताई

३० जुलै

बाळ्या,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि तीनदा उठून व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. आता सरळ लिहिते.

आज लंबूचा फोन आला. माझ्या हाताखाली शिकला तो, आपल्याकडे जेवायला आला की आई त्याला म्हणायची, दाराची चौकट सांभाळ. आता दुसऱ्या गावी असतो. आवाज अगदी साधा होता, म्हणूनच मी खुर्ची ओढून बसले. म्हणाला, मॅडम, मी पुढच्या महिन्यापासून चष्म्याच्या फ्रेमच्या कंपनीत लागतोय, तुम्हाला सांगितल्याशिवाय जाऊ नये म्हणून फोन केला. मी विचारलं, आणि काम? तो म्हणाला, काम कुठलं, प्रस्ताव नाकारला. मग त्याने शेरा वाचून दाखवला.

कल्पना रंजक, आधार अपुरा.

ती गोळी लंबूची होती. तो म्हणाला, "मॅडम, असं लिहिणारा माणूस कधी रुग्णासमोर बसलेला नसणार." मी हुं म्हटलं. फक्त हुं. मग तो म्हणाला की तो नेत्र मंडळाच्या म्हाताऱ्याकडेही जाऊन आला. म्हाताऱ्याने त्याचं सगळं ऐकून घेतलं, तेच प्रश्न तीनदा विचारले आणि खण उघडून दाखवला. रिकामा. तो म्हणाला, पोरा, गेल्या वर्षी आला असतास तर मी पैसे दिले असते, आता ते सगळं तिकडे गेलं.

फोन ठेवून मी हात धुवायला गेले आणि समोर चौकट. 'कल्पना धाडसी, आधार अपुरा.' एक शब्द बदलून मी तेच लिहिलं, बाळ्या. रोज हात धुताना वाचते ते. माझ्याकडून असं कसं झालं, मला कळत नाही. आणि ड्रायव्हर माझ्या तोंडावर सांगत होता की काहीतरी आत बसवा. मी ते विनोदावारी नेलं. पुढे गठ्ठ्यात तेच आलं, तर तेही विनोदावारी नेलं.

मी सुनावणीत म्हणाले होते की उद्या नालायक माणसं बसतील. नालायक कोणी नव्हतं. मी होते. मला विषय येतो, माझी नियत साफ आहे, आणि माझी मान दुखत होती. एवढ्याने झालं. जुन्या पद्धतीतही मी त्याला नाहीच म्हटलं असतं, पण मग तो माझ्या नावाने बोटं मोडत जिना उतरला असता आणि म्हाताऱ्याचा जिना चढला असता. माझी चूक तिथे जिरली असती. तुझ्या खिडकीत ती जिरत नाही, तीच शेवटची ठरते. भर सभेत मला हे इतकं साधं सांगता आलं नाही, कारण तेव्हा मी दुसऱ्यांच्या चुकांबद्दल बोलत होते.

समितीत कोणी काय लिहिलं ते बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे. तो मी आता मोडला, तोही उपसंचालकांकडे. माझ्यावर काय कारवाई करायची ती कर. लंबूला मेहेरबानी म्हणून आत घे असं मी म्हणत नाही. तुझ्या कार्यालयाने नाही म्हटलं की आणखी एखाद्या खोलीत, आमच्यासारखा विचार न करणाऱ्या माणसांपुढे तो कागद जायला हवा. तू तेवढी सोय कर. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

ताई

१६ ऑगस्ट

बाळ्या,

तुझं उत्तर नाही. टपाल आलं की सिस्टर माझ्याकडे बघते आणि मी कपाट उघडते.

ड्रायव्हर दोन गुरुवार आला नाही. मी त्याच्या बायकोला निरोप पाठवला. तिसऱ्या गुरुवारी आला, बाकावर कोणाशी बोलला नाही. म्हणाला, सकाळी निघायचं म्हणून कपडे घातले आणि सुईच्या आठवणीने पाय उचलेना. दोन्ही वेळा तसाच घरी बसला. मी आत बघितलं. डाग पुढे सरकलाय. दोन आठवड्यांत जेवढा सरकायचा तेवढा. मी त्याला रागावले. मग रागावल्याचा मला राग आला. त्या माणसाने सुईला भ्यायचं नाही तर काय करायचं? गोळी असती तर त्याला दर गुरुवारी धैर्य गोळा करावं लागलं नसतं.

आईला तू म्हणे म्हणालास की ताईच्या पत्राचं काय करायचं ते मला कळत नाही. मला तरी कुठे कळतंय. पण तू निदान मला तरी कळव की तुला कळत नाही.

ताई

७ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

परवा काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. अर्धा वेळ तुला दिसतच नव्हतं, तेव्हा ते माझ्याकडूनही ऐकून ठेव.

तू न कळवता आलास आणि माझ्याकडे आत रुग्ण आहे म्हणून बाहेर बाकावर जाऊन बसलास. गुरुवारी बाकावर जो बसतो त्याचं डोकं मागे करून सिस्टर बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालते. गेली कित्येक वर्षं ती हेच करतेय, ती तोंडाकडे बघतही नाही, बाक बघते. तुझ्याही डोळ्यांत तिने घातले. थोड्या वेळाने पुन्हा घातले. तू चकार शब्द काढला नाहीस. नंतर मी विचारलं तर म्हणालास, मला वाटलं आत येण्याचा तसा नियम असेल. सिस्टर अजून हसतेय. मला त्याचं हसू आलं नाही. माझा एवढा मोठा साहेब भाऊ, आणि नियम आहे म्हटलं की डोळ्यांत काहीही घालून घेतो.

शेजारी ड्रायव्हर होता. तो सांगतो की त्याने तुला धीर दिला. "पहिली खेप का? घाबरू नका. बाईंचा हात हलका आहे. तोंड तेवढं जड आहे." तू त्याला विचारलंस की सुई दुखते का. तो म्हणाला, दुखत नाही, पण येताना दिसते.

मग तुझी पाळी आली. मी मान खाली घालून आधीच्या रुग्णाचं लिहीत होते. हनुवटी इथे टेकवा म्हटलं, तू टेकवलीस. मशीनमधून आधी चेहरा दिसत नाही, नुसता डोळा दिसतो, हा एवढा मोठा. डाव्या बुबुळात खालच्या बाजूला तपकिरी ठिपका होता. तो दादाच्या डोळ्यात होता. क्षणभर मला काय वाटलं ते मी लिहू शकत नाही. मग कळलं की तो तुझ्याही डोळ्यात आहे, लहानपणी आपण तिघं आरशासमोर उभे राहायचो आणि माझ्या डोळ्यात नाही म्हणून मी रडायचे. मी दोन्ही डोळे नीट तपासले. तुझे पडदे स्वच्छ आहेत. हे मी तुला सांगितलं ना? सांगितलं नसेल तर आता सांगते.

तू पिशवीतून लंबूचा कागद काढलास. वाचायला गेलास आणि अक्षरं दिसेनात. लांब धरलास, जवळ धरलास, मग माझ्यापुढे केलास आणि म्हणालास, तूच वाच. मी शेरा वाचला. तू म्हणालास, तो मला माहीत आहे, प्रस्ताव वाच. बाळ्या, मी तो पहिल्यांदा पुरता वाचला. त्या दिवशी पलंगावर मी फार तर दोन पानं वाचली असतील. सशांबद्दल शेवटच्या पानांवर लिहिलं होतं. थोडं होतं, पण होतं. ती ओळ मी दोनदा वाचली. तू डोळे मिटून ऐकत होतास आणि मी थांबले की नुसतं 'पुढे' म्हणत होतास. अशी शिक्षा मला आजवर कोणी दिली नव्हती.

मग तू विचारलंस, "ताई, तेव्हा हे एकच कार्यालय असतं तर दादा वाचला असता का? खरं सांग."

मी म्हणाले, "नाही वाचला असता. पण तुझे पाय वाचले असते."

तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. थेंबांनी येतं ते वेगळं असतं, मला कळतं. मी पण रडले. दादा गेल्यावर आपण दोघं एकत्र रडलोच नव्हतो, तू तुझ्या कार्यालयात रडलास आणि मी माझ्या मशीनमागे. तू म्हणालास की तुला फक्त एवढंच हवं होतं, कुणाही भावाला पुन्हा पाठीवर माणूस घेऊन जिने चढायला लागू नयेत. ते मला कळतं, आणि ते तू केलंस. रुग्णाला एकच दार असावं, हे तुझं खरं आहे. कल्पनेला मात्र एकाहून जास्त लागतात, कारण दारावर बसणारी आम्ही माणसं आहोत. हे मी त्या दिवशी सुनावणीत म्हणायला हवं होतं.

तू काही कबूल केलं नाहीस. बघतो म्हणालास. तुझं 'बघतो' मला लहानपणापासून माहीत आहे, त्याला महिना लागतो.

खिडकीतून मी पुढचं बघत होते. तुला उन्हात डोळे उघडवत नव्हते, पायरी चाचपडत होतास. ड्रायव्हरने पुढे होऊन तुझा दंड धरला. स्वतःला एकाच डोळ्याने दिसतं, तेही अर्धवट, पण रस्ता त्याचा पाठ आहे. त्याने तुला बस थांब्यापर्यंत नेलं, बसमध्ये चढवलं आणि कंडक्टरला काहीतरी बजावलं. काय ते मी तो परत आल्यावर विचारलं. म्हणाला, सांगितलं की आपला माणूस आहे, बस पुरती थांबल्याशिवाय उतरवू नकोस.

तू उपसंचालक आहेस हे मी त्याला सांगितलेलं नाही. तुला कोणता आजार आहे असं तो विचारत होता. हट्टीपणा, असं मी सांगितलं.

ताई

२१ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

परिपत्रक मिळालं. 'महोदया' आहेच. नाकारलेला प्रस्ताव यापुढे त्या त्या मंडळापुढे एकदा जाईल आणि त्यासाठी प्रत्येक मंडळाकडे स्वतःचा वेगळा निधी राहील, हे कलम मी सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणते, संचालकांनी ते तीनदा परत पाठवलं आणि तू तीनदा घेऊन गेलास. दुसऱ्या पाकिटात मला समितीतून काढल्याचं पत्र होतं, गोपनीयता मोडल्याबद्दल. दोन्हींवर तुझीच सही. बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं, फक्त एवढ्या वळणदार अक्षरात केलं नसतं.

लंबूने चष्म्यांच्या कंपनीला रामराम ठोकला. तो शेरा माझा होता हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, सशांचं पान मी पुढे घ्यायला हवं होतं. म्हाताऱ्याने त्याला तीन वेळा तेच प्रश्न विचारून होकार दिलाय. पण ससे आहेत, मग पुढच्या तपासण्या आहेत. माणसाच्या डोळ्यापर्यंत यायला पुढचं वर्ष तरी उजाडेल. जूनमध्येच सुरू झालं असतं तर ते कदाचित थोडं आधी आलं असतं.

ड्रायव्हरचा डोळा इतके दिवस थांबेल असं मला वाटत नाही. आता त्याला मधलंच दिसतं, कडेचं सगळं गेलं. गुरुवार मात्र चुकवत नाही. लंबूच्या गोळीची बातमी बाकावर पोहोचली आहे, सिस्टरच्या पोटात काही राहत नाही. परवा त्याने मला विचारलं, "बाई, हे आधीच का नाही झालं?" मी म्हटलं, वेळ लागतो. तो मान डोलावून गेला. मी त्याच्याशी खोटं बोलले.

येत्या गुरुवारी त्याला सांगणार आहे. कागद माझ्या हातात आला होता आणि मी तो 'नाही'च्या ढिगात टाकला, असंच सांगणार, तुझी खिडकी मध्ये आणणार नाही. तो ओरडला तर मी ऐकून घेईन. तो समजूतदारपणे हसला तर काय करू ते मला माहीत नाही.

तू ये. त्याच्या शेजारी बस, त्याला तू आवडला होतास. सिस्टरला मी बजावून ठेवलंय, या खेपेला तुझ्या डोळ्यांत थेंब घालायचे नाहीत. मी सांगत असताना मला त्याच्याकडे बघवेल की नाही, सांगता येत नाही. आपल्यापैकी एकाला तरी त्याचा चेहरा नीट दिसला पाहिजे.

ताई